जपानचे पुरण

निंबोला हे गाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. बऱ्हाणपुराहून असीरगडाकडे निघालो की वाटेत ते लागते. जिल्हा बऱ्हाणपूर, राज्य मध्य प्रदेश. परंतु घरोघरी मराठी, हिंदी आणि निमाडी अशा तिन्ही बोली एकाच चुलीपाशी गुण्यागोविंदाने नांदतात. एका बाजूस सातपुड्याच्या रांगा, दुसऱ्या बाजूस केळीच्या बागा, आणि मध्ये कापूस, तूर, हरभरा यांची शेते. मी जन्माने वसईकडचा. केळीच्या बागेतच लहानाचा मोठा झालो. त्यामुळे येथे आल्यावर पहिल्या दिवशीच मला परके वाटेनासे झाले. समुद्र तेवढा दिसत नाही, एवढेच काय ते उणे.

गेल्या फेब्रुवारीत माझा एक जुना सहाध्यायी मला भेटावयास निंबोल्यास आला. आम्ही दोघे सेमिनरीत एकाच बाकावर बसून शिकलो. पुढे त्याची नेमणूक जपान देशात झाली आणि माझी इकडे. कित्येक वर्षांनी भेट झालेली. बोलण्यास रात्र पुरली नाही. निघण्यापूर्वी त्याने पिशवीतून एक लांबट, निमुळता खोका काढून माझ्या हाती दिला. वर सोनेरी कागद, त्यावर रेशमी दोर, आणि दोराची गाठ इतकी नेटकी की ती सोडण्यास जीव धजेना. आत विटेच्या आकाराचा, परंतु विटेहून कितीतरी लहान असा एक काळसर तांबूस ठोकळा होता. घोटून चकचकीत केलेल्या शिसवी लाकडासारखा. मित्र म्हणाला, “हे योकान. जपानी लोकांची जुनी मिठाई. पातळ काप करून चहाबरोबर खावी, घाई करू नये.”

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी शेजारच्या चार घरांतील मंडळींना बोलाविले. सुरीने पातळ काप केले व बशीत मांडले. जपानची मिठाई म्हटल्यावर मुले आधीच डोळे मोठे करून बसली होती. मोठी माणसे जरा जपून, काप उजेडाकडे धरून पाहू लागली. आमच्या शेजारच्या आजी या मंडळींत सर्वांत वडील. त्यांनी एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि क्षणभराने म्हणाल्या, “फादर, हे तर पुरणच हाय की! निवालेलं पुरण.”

सर्वजण हसले. मीही हसलो. मात्र माझे हसू अर्ध्यावरच थांबले, कारण आजींच्या पुरणाने मला एकदम माझ्या आईची फळी आठवली. त्या फळीची हकीकत पुढे सांगणारच आहे. प्रथम या योकानाविषयी मित्राकडून जे ऐकले आणि मागाहून वाचून जे ताडून पाहिले ते सांगतो. कारण आजींचे म्हणणे किती खरे होते, हे त्यावरूनच ध्यानात येईल.

योकान हे नाव ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ मेंढा आणि कढण असा होतो. मिठाईच्या नावात मेंढा कोठून आला? मूळ पदार्थ चीन देशातला, आणि तो खरोखरीच मेंढ्याच्या मांसाचा कढण होता. कित्येक शतकांपूर्वी झेन पंथाचे बौद्ध भिक्षू तो प्रकार जपानात घेऊन गेले. परंतु भिक्षूंना मांस वर्ज्य. तेव्हा त्यांनी मांसाच्या जागी अझुकी नावाची तांबडी डाळ घातली. नाव मेंढ्याचे राहिले आणि आत कडधान्य आले! ही अझुकी आपल्या मुगाची, उडदाची, मटकीची सख्खी चुलत बहीण. वनस्पतिशास्त्र त्या सर्वांना एकाच कुळात बसविते. ती शिजवून, वाटून, साखर घालून घोटली की जे तयार होते त्यास जपानी लोक आन म्हणतात. साले काढून चाळणीतून गाळलेले ते एक प्रकारचे, आणि दाणे राखलेले ते दुसऱ्या प्रकारचे. आपल्या घरांतील पुरणयंत्र फिरविणाऱ्या माउलीस यात नवे असे काय आहे? आजींची जीभ चुकली नव्हती.

प्रारंभी हे योकान वाफवून करीत. पुढे त्यात समुद्रातील एका शेवाळाचा अर्क मिसळू लागला, आणि योकानास आजचे घट्ट, तुकतुकीत रूप आले. हा अर्क म्हणजे आपल्या बाजारात चायना ग्रास या नावाने पांढऱ्या दोऱ्यांसारखा मिळतो तोच. जपानात त्याचा शोध कसा लागला याची एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकाच्या मध्यास क्योतोजवळच्या फुशिमी गावी एका खाणावळवाल्याने शेवाळाची उरलेली खीर थंडीच्या रात्री बाहेर टाकून दिली. रात्री ती गोठली, दिवसा उन्हाने वितळली, असे होता होता तिच्यातील पाणी निघून गेले आणि कोरडे, हलके पापुद्रे तेवढे उरले. ते पुन्हा पाण्यात उकळले तर पूर्वीपेक्षा स्वच्छ आणि गंधहीन खीर झाली. टाकून दिलेल्या वस्तूतून हा लाभ झाला. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. टाकून दिलेल्या आणखी एका वस्तूची कथा मला सांगावयाची आहे.

योकानाची खरी मौज निराळीच आहे. ते जपानात सर्वत्र एकसारखे होत नाही. ज्या गावात जे पिकते ते त्या गावच्या योकानात उतरते. डोंगराळ नागानो प्रांतातील ओबुसे गाव चेस्टनटच्या झाडांसाठी प्रसिद्ध. तेथील योकान चेस्टनटचे. गिफू प्रांतातील ओगाकी येथे तेंदूच्या जातीचे एक गोड, केशरी फळ सुकवून त्याचे योकान करतात आणि ते अर्ध्या चिरलेल्या बांबूत ओततात. तोक्यो शहरात असाकुसा भागात रताळ्याचे योकान एका दुकानाने विसाव्या शतकाच्या आरंभी विकावयास काढले. साध्या माणसास महाग योकान परवडत नसे, त्याला हे परवडले. सागा प्रांतातील ओगी गावच्या जुन्या पद्धतीच्या योकानावर साखरेचा पातळ, खुसखुशीत थर धरतो. फुकुई प्रांतात पाण्याचा अंश अधिक असलेले मऊ योकान भर हिवाळ्यात शेगडीजवळ बसून खातात, तर इतरत्र तेच उन्हाळ्यात थंड करून खातात. कोणी हिरवा चहा घालतो, कोणी काळा गूळ, तर उत्तरेकडे होक्काइदोत समुद्रातील खाण्याचे शेवाळही घालतात. साखर भरपूर असल्यामुळे पदार्थ टिकतो. अलीकडे तर भूकंपासारख्या आपत्तीच्या प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून पाच वर्षे टिकणारे योकान तेथे विकतात, आणि लोक ते घरात साठवून ठेवतात.

मित्राने हे सांगितले तेव्हा मी त्याला म्हटले, “वसईचा माणूस जपानात जाऊन काय काय शिकून आला!” तो म्हणाला, “वसईचा माणूस जपानात प्रथम मीच गेलो की काय?” त्याच्या बोलण्याचा रोख संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे होता, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो जपानी भाषेत इतके पारंगत झाले की फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे ते दुभाषे बनले. ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशी नागासाकी येथे त्यांनी सोबत्यांसह हौतात्म्य पत्करले, आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्याही आधी, १५४९ च्या एप्रिलात, संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी कागोशिमास पोहोचले होते. पोर्तुगीजांच्या जहाजांतून साखर आणि साखरेचे पदार्थही त्या देशात गेले. लुईस फ्रोइस या जेझुइट धर्मगुरूंनी १५६९ साली ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारास काचेच्या बाटलीत भरून खडीसाखरेसारख्या गोळ्या भेट दिल्या होत्या. त्या गोळ्या आणि अंड्यांचा कास्तेरा नावाचा केक आजही जपानात होतो, आणि दोहोंच्या नावांत पोर्तुगीज शब्द लपलेले आहेत.

त्याच पोर्तुगीज भाषेतील एक शब्द आपल्या स्वयंपाकघरातही येऊन बसला आहे. दोस! पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ नुसता गोड पदार्थ. गोव्यात, आणि मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती घरांतही, दोस म्हटले की हरभऱ्याच्या डाळीची व नारळाची वडी डोळ्यांपुढे येते. नाव परदेशचे, परंतु डाळ येथली, नारळ येथला आणि घोटणारा हात येथला. जपानी भिक्षूंनी मेंढ्याचे नाव ठेवून आत अझुकी घातली, तसाच हा प्रकार.

आता आईच्या फळीची हकीकत.

आमच्या घरी नाताळच्या आधी चार-पाच दिवस दोस होत असे. अर्धा किलो डाळ मऊ शिजवायची, पाट्यावर गंधासारखी वाटायची. दोन नारळ खवून तेही वाटायचे. मग तांब्याच्या कल्हईच्या टोपात डाळ, खोबरे आणि डाळीच्या दुपटीहून थोडी कमी साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचे. चिमूटभर मीठ, शेवटी तूप व वेलची. हे सांगण्यास चार ओळी पुरतात. करण्यास अख्खी दुपार लागते. मिश्रण घट्ट होऊ लागले की त्यातून तप्त बुडबुडे उडतात. आईच्या उजव्या मनगटावर त्या चटक्यांचे बारीक डाग होते. लाकडी उलथने उभे राहू लागले आणि गोळा टोपाच्या कडा सोडू लागला की ती म्हणे, “झाले.” मग तुपाचा हात फिरविलेल्या सागवानी फळीवर तो गोळा थापायचा, लाटण्याने सारखा करायचा, आणि सुरीने तिरप्या रेघा ओढून शंकरपाळ्यांच्या आकाराच्या वड्या पाडायच्या. फळीच्या कडेचे ओबडधोबड तुकडे आम्हा मुलांचे. आमच्या लेखी नाताळ तेथूनच सुरू होई.

पंधराव्या वर्षी मी सेमिनरीत गेलो. पहिल्या वर्षी नाताळची सुट्टी संपवून परत निघताना आईने पत्र्याचा एक डबा भरून दोस माझ्याबरोबर दिले. तीस-पस्तीस वड्या असतील. थरांमध्ये केळीच्या पानाचे तुकडे घातलेले. “सर्वांना वाट,” ती म्हणाली.

सेमिनरीत निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली मुले होती. सुट्टीहून परतलेल्या प्रत्येकाने आपापला खाऊ भोजनगृहातील मेजावर मांडला. कोणी शहरातील बेकरीचा केक आणला होता, कोणी परदेशी गेलेल्या काकाने पाठविलेली चकचकीत कागदातील चॉकलेटे. माझ्या डब्याचे झाकण मी किंचित उघडून पाहिले. प्रवासात वड्यांस घाम सुटला होता, केळीचे पान काळे पडले होते, आणि कडांस तूप आले होते. पलीकडचा एक मुलगा वाकून म्हणाला, “हे काय, डाळ?” त्याने ते हेटाळणीने म्हटले की केवळ कुतूहलाने, हे आज मला सांगता येणार नाही. मी मात्र झाकण लावले. “काही नाही,” म्हटले.

त्या रात्री तो डबा मी पलंगाखाली सरकवला. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या. तिसऱ्या दिवशी, कोणी पाहत नाही असे पाहून, आवाराच्या मागच्या भिंतीपलीकडे मी सर्व वड्या टाकून दिल्या. एकही खाल्ली नाही. मग नळावर डबा साबणाने स्वच्छ घासला, पुसला, आणि पेटीत ठेवून दिला. मे महिन्याच्या सुट्टीत तो घरी नेऊन आईच्या हाती दिला. “सर्वांना आवडले का?” तिने विचारले. “हो,” मी म्हणालो. तिने डबा हातात फिरवून पाहिला व फडताळात ठेवला.

पुढच्या वर्षी परत निघताना तिने त्याच डब्यात बाजारातील बिस्किटे भरून दिली. दोस नव्हते. खरे सांगतो, मला फार बरे वाटले. असे का, हे विचारण्याचे मला सुचले नाही. त्यानंतर सेमिनरीच्या सर्व वर्षांत बिस्किटेच येत गेली.

ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. निंबोल्यात आजींनी “पुरणच हाय की” म्हटले आणि ती अख्खीच्या अख्खी वर आली. माझ्या हातात सोनेरी कागद होता. मी त्या कापाचे कौतुक करीत होतो, त्याच्या चकाकीचे, त्याच्या चवीचे. आणि तो होता डाळ व साखर घोटून केलेला एक ठोकळा. तोच पदार्थ आईच्या हातून केळीच्या पानात आला तेव्हा मी भिंतीपलीकडे टाकला होता. दुसऱ्यांची पापनिवेदने ऐकण्यासाठी मी किती वेळा बसलो असेन! हे एक मात्र माझे मलाच इतक्या वर्षांत ऐकू आले नव्हते.

मी ठरविले की निंबोल्याचे योकान करावयाचे. हरभरा येथला, गूळ बाजारातला, केळी तर दारात. वसईचीही आठवण त्यात यावी म्हणून घरून आलेली सुकेळी बारीक चिरून घालावी असे योजिले. राजेळी केळ्यांची उन्हात वाळविलेली ही सुकेळी म्हणजे आमच्याकडचे वैभव. ती नुसतीही फार गोड लागतात.

पहिला प्रयत्न पार फसला. चायना ग्रास अर्धवट भिजले होते, आणि मी ते गुळाच्या गरम पाकात टाकले. ते विरघळेना. आधी कापून ठेवलेली ताजी केळी काळी पडली. थाळीत जे जमले त्यात अर्धे पुरण पातळ राहिले आणि मध्ये दोऱ्यांच्या गाठी. मुलांनी ते शिष्टाचार म्हणून खाल्ले. आजी म्हणाल्या, “फादर, तुम्ही नुसतं बघा. घोटायचं आम्ही बघतो.”

दुसऱ्या वेळी त्या स्वतः आल्या. दहा ग्रॅम चायना ग्रास रात्रभर पाण्यात भिजत घातले. सकाळी ते पिळून दोन पेले स्वच्छ पाण्यात उकळत ठेवले, आणि एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत उकळू दिले. येथेच माझी चूक झाली होती: हा पदार्थ नुसत्या पाण्यात, पुरत्या उकळीनेच नीट विरघळतो, गूळ किंवा साखर त्यानंतर घालावयाची. मग किसलेला गूळ घालून ते गाळले, पाव किलो डाळीचे पुरणयंत्रातून काढलेले पुरण त्यात मिसळले, आणि एक पिकलेले केळे कुस्करून लगेच त्या उकळत्या मिश्रणात टाकले, म्हणजे ते काळे पडावयास अवसरच मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटे आजी घोटत राहिल्या. हात तळापर्यंत, एका लयीत. शेवटी सुकेळ्यांचे तुकडे घालून तूप लावलेल्या डब्यात ओतले. बर्फ लागले नाही. चायना ग्रासचा गुणच असा की ते विरघळण्यास उकळी लागते, परंतु गोठण्यास आपल्या उन्हाळ्याखेरीज इतर दिवसांतील साधी हवाही पुरते. दोन तासांत वडी सुरीने नीट कापता आली.

या गुणावरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत. उन्हाळ्यात ते वितळून सारी मेहनत वाया जाई. तेथे काम करणाऱ्या वाल्टर हेस्से यांची पत्नी फॅनी हेस्से घरी फळांच्या जेलीसाठी हेच शेवाळाचे द्रव्य वापरीत असे. जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिला ते कळले होते. तिने पतीस सुचविले, पतीने कॉख यांना. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जगापुढे मांडला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हे द्रव्य वापरतात. फॅनीला मात्र त्याचे ना धन मिळाले, ना त्या काळी नाव. चुलीपाशी मिळविलेले ज्ञान बहुधा असेच बिननावाचे राहते. आपल्याच देशात तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर स्त्रिया समुद्रात बुड्या मारून असे शेवाळ काढतात. त्यांची नावे तरी कोणास ठाऊक आहेत?

मे महिन्यात मी सुट्टीवर घरी गेलो. त्याच आठवड्यात केलेल्या निंबोल्याच्या वड्या एका डब्यात घालून नेल्या. थरांमध्ये केळीच्या पानाचे तुकडे घातले. उन्हाळ्याचा प्रवास, वड्यांस घाम सुटला, पान काळे पडले. या वेळी मला त्याचे काही वाटले नाही.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिला अलीकडे विसर पडतो. सकाळी काय जेवली हे सायंकाळी आठवत नाही. कधी मला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारते. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने एक वडी घेतली, सावकाश चावली, आणि कपाळास आठी घालून म्हणाली, “दोस कोणी केले? खोबरे विसरले.”

मी म्हणालो, “आई, मीच केले. निंबोल्यास नारळ मिळतो, पण मीच घातला नाही. जपानचा प्रकार आहे.”

“कुठला का असेना,” ती म्हणाली, “खोबऱ्याशिवाय कोरडे लागते. आणि मीठ?” मीठही मी विसरलो होतो.

मग मला राहवले नाही. तिच्या खाटेशेजारी खाली बसलो आणि त्या जुन्या डब्याची सर्व हकीकत तिला सांगितली. भिंत, मुंग्या, नळ, साबण, सारे काही. सांगताना मला वाटत होते की तिला यातले काही आठवणार नाही, आणि तशी थोडी आशाही होती.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “डबा धुतलेला आणलास तेव्हाच कळले. तू घरी कधी ताट तरी धुतलेस का?”

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “म्हणून बिस्किटे दिली. सर्वांसमोर तुला लाज नको.”

इतकी वर्षे तिने हे मनात ठेवले होते, आणि रागाने नव्हे. पोराने आपला खाऊ टाकला याचे दुःख तिने एकटीने गिळले, आणि पोराची लाज झाकण्यासाठी बाजारात जाऊन, पदरचे पैसे मोडून, दुसऱ्याच्या भट्टीतील बिस्किटे आणली. पुढची सर्व वर्षे आणली. आणि मी मात्र बरे वाटले म्हणून खूश होतो! आजचे जेवण तिला आठवत नाही. तो डबा मात्र तिच्या स्मरणातून पुसला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्यापाशी बसलो आणि दोसाचे प्रमाण लिहून घेतले. डाळ किती, नारळ किती, साखर किती. मध्येच ती विसरे, मध्येच दुसरेच बोले. पण घोटण्यापाशी आली की तिचा उजवा हात आपोआप फिरू लागे. “किती वेळ घोटायचे?” विचारले, तर म्हणाली, “कडा सोडीपर्यंत.” घड्याळात हे कोठे लिहिलेले असते? मग मी चूल पेटविली आणि ती खाटेवर बसून सांगत गेली. माझ्याही मनगटावर दोन चटके उठले. त्या दिवशी झालेले दोस उत्तम झाले असे मी म्हणणार नाही. परंतु तिने कडेचा तुकडा मागून घेतला, आणि दुसराही घेतला.

वाचकहो, हे सर्व लिहिण्याचे कारण एवढेच. आपल्या गावांतून मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जात आहेत. त्यांच्या पिशव्यांत घरचे काहीतरी बांधून दिलेले असते. कधी दोस, कधी सुकेळी, कधी चटणी. त्या पुडक्यास सोनेरी कागद नसतो. जपानच्या लोकांनी आपापल्या गावच्या रताळ्याला, चेस्टनटला, डाळीला रेशमी दोर बांधला आणि जगापुढे मानाने ठेवले. त्यात त्यांचे पदार्थ आपल्यापेक्षा श्रेष्ठ होते असे नाही. त्यांना त्यांची लाज वाटली नाही, एवढाच फरक. तरुण वाचकांनो, तुमच्या पलंगाखाली असा एखादा डबा असेल तर आज रात्रीच तो बाहेर काढा आणि सोबत्यांपुढे उघडा. “हे काय?” असे कोणी विचारले, तर नाव सांगा, गाव सांगा, आणि करणारीचे नावही सांगा.

आणि ज्यांच्या घरी म्हाताऱ्या आया, आज्या आहेत त्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. प्रमाण लिहून घ्यावे, आणि त्यांच्या देखत एकदा हात भाजून घ्यावा. कारण कडा केव्हा सुटतात हे वहीत लिहिता येत नाही.

निंबोल्याच्या आजींना मी आईचे दोस नेऊन दिले. त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, “हां, आता बरोबर. हे तुमच्याकडचं पुरण.” येत्या नाताळात आम्ही दोघे मिळून तो पदार्थ करणार आहोत. त्यात डाळ निंबोल्याची असेल, सुकेळी वसईची, खोबरे आईच्या सांगण्याप्रमाणे, आणि चिमूटभर मीठ. डबा मात्र मी या वेळी धुऊन परत देणार नाही.